दुसरं कडवं

वाइतेरे,
रविवार, १४ जून १९५९

प्रिय नोलीन,

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा जूनच्या थंडीत धरतो, पण ती कबूल करत नाही. बाबा ठीक. गायी आटल्यात, त्यामुळे डेअरीची फॅक्टरी अर्धी बंद, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते बघायला गावाला भरपूर वेळ.

मी अजून पोस्टातच आहे, टेलिफोनच्या बोर्डवर, लोकांचे फोन जोडून देत. फोन का करत नाहीस असं तू ख्रिसमसच्या कार्डावर विचारलं होतंस. वाइतेरेत एकाच तारेवर कितीतरी घरं, त्यामुळे फोनवर बोललेलं निम्म्या खोऱ्याला ऐकू जातं, आणि त्यांचं जे ऐकायचं राहतं ते मी ऐकते. म्हणून आपलं पत्रच बरं.

तर पत्राचं खरं कारण. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती ऑकलंडमध्ये तुला नक्की ठाऊक असणार. हिट परेडमध्ये सध्या पहिल्या नंबरवर जे फेरीबोटीचं गाणं आहे, त्यातल्या त्या मुलीचं पुढे काय होतं?

तुला वाटेल, घरात रेडिओ असून ही मला काय विचारते. सांगते. आपल्याकडे मंगळवारची, हिट परेडची संध्याकाळ तू असताना होती तशीच आहे. टेकडीवरचं आपलंच घर आणि झाडाला बांधलेली आपलीच लांबलचक तार, त्यामुळे ते स्टेशन आपल्याकडेच लागतं. खाली खोऱ्यात त्या वेळी नुसती खरखर. गाणं आठवड्यात एकदा वाजणार, रेकॉर्ड परदेशातून यायची म्हणजे आयात परवान्याच्या रांगेत पडून राहणार, आणि शनिवारी हॉलमधल्या नाचाला लोकांना आपल्या बँडकडून तेच गाणं हवं असणार. म्हणून कामं अजून वाटलेलीच आहेत. पहिलं कडवं मी टिपायचं, दुसरं तू, चाल बाबांनी धरायची, आणि आईने भांडी वाजवायची नाहीत.

फक्त तू नाहीस. पहिलं कडवं संपलं की बाबा हात पुढे करतात आणि रेडिओचा आवाज पार बंद करतात. तोंड असं करून बसतात की कुणाच्या दफनाला आलेत. मनात मात्रा मोजतात, आणि दुसरं कडवं सरलं असेल तेव्हा आवाज परत वर. तू गेल्यावरच्या पहिल्याच मंगळवारी त्यांनी हे सुरू केलं. टिपायला कोणी नाही, तर वाया कशाला घालवायचं, एवढंच म्हणाले. मी टिपते म्हटलं, तर ते तुझं काम नाही म्हणाले. तेव्हापासून हॉलमध्ये मी पहिलं कडवं दोनदा म्हणते. दोन हिवाळे आमचं खोरं अर्ध्या गाण्यांवर नाचतंय, आणि आजवर कोणाची तक्रार नव्हती.

पण या गाण्याने पंचाईत केली. पहिल्या कडव्यात ती मुलगी धुक्यात कंदील घेऊन धक्क्यावर उभी आहे, आणि शेवटची बोट अजून आलेली नाही. आम्ही तिला तशीच उभी करून ठेवली आहे. खोऱ्यात दोन तट पडलेत. दुधाची लॉरी चालवणारा आपला ड्रमवाला तामा राकेना शपथेवर सांगतो की बोट येते. दुकानातल्या गिलहूली बाईंच्या मते बोट बुडाली, आणि ती पोरगी मूर्ख आहे, तिने घरी जावं. माझ्या बोर्डवर दिवसभर हाच विषय. मागच्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर दोन बायका यावरून अशा जुंपल्या की एकीने दुसरीचा केक घ्यायला नकार दिला. तेव्हा कृपा करून कळव.

आणखी एक. या वर्षीची सगळी गाणी मला एकमेकांची चुलत भावंडं वाटतात. सुरुवात वेगळी, पण थोडं पुढे गेलं की ओळखीचा चेहरा दिसतो. ऑकलंडलाही असंच वाटतं का, की माझेच कान बिघडलेत?

बाबा तुझं नाव काढत नाहीत, खोटं कशाला सांगू. पण तुझी खुर्ची रेडिओपाशीच आहे. मांजर तिच्यावर बसलं की त्याला उठवतात.

तुझी,
व्हाल्मा


वाइतेरे,
रविवार, १९ जुलै १९५९

प्रिय नोलीन,

तू बरी असशील. तुझं उत्तर नाही, आणि नसेल द्यायचं तर माझं काही म्हणणं नाही. तरी लिहिते, कारण हे माझ्या पोटात राहत नाही आणि बोर्डवर तर कोणाजवळ बोलायची सोय नाही.

शाळेत पॅस्को नावाचे नवे मास्तर आलेत, हॅमिल्टनचे. मागच्या नाचाला त्यांनी जेवणाआधीच्या वॉल्ट्झसाठी मला विचारलं, म्हणजे जेवायलाही शेजारी तेच. तू लगेच काही ठरवू नकोस. त्यांचे कान कपाच्या कानांसारखे आहेत आणि आईच्या स्पंज केकचे त्यांनी इतके तुकडे खाल्ले की मीच लाजले. खाता खाता त्यांनी विचारलं, मघाशी शेवटचं वाजलं ते गाणं कुठलं? मी म्हटलं, फेरीबोटीचं. ते म्हणाले, शब्द तेच आहेत, पण चाल ही नव्हे. हॅमिल्टनमध्ये त्यांनी ते किती वेळा ऐकलंय.

तामा समोरच बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, हॅमिल्टनमध्ये चुकीचं वाजवत असतील." सगळं टेबल हसलं. मीही हसले. पण ते मला टोचून राहिलं.

तू म्हणशील, दर मंगळवारी ऐकतेस तरी कळलं नाही? अगं, टिपताना मान खाली असते. नंतर बाबा पियानोवर चाल वाजवून दाखवतात आणि ती डोक्यात बसते. पुढच्या मंगळवारी रेडिओ वेगळं काही गायला तर मला वाटायचं, स्टेशन नीट लागत नसेल. आपल्या घरात बाबांना चालीबद्दल कोण शहाणपण शिकवणार?

तर या मंगळवारी मी ठरवलं, चालीकडे लक्ष द्यायचं. एक नवंच गाणं लागलं. मी एक कान चालीकडे ठेवून घाईघाईने टिपत होते, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. मी हात उचलला. बाबांनी त्याच क्षणी पुढे होऊन रेडिओ बंद केला. कडवं संपलं नव्हतं, नोलीन. ओळसुद्धा संपली नव्हती. गाणाऱ्याने एक लांब सूर घेतला होता आणि तो अर्ध्यात कापला गेला. बाबा तेच दफनाचं तोंड करून मात्रा मोजत बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रेडिओकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते.

मी मोडकी पेन्सिल कागदाला लावून मान खाली घातली.

मग मी पाळत ठेवली, तुला माझा स्वभाव माहीतच आहे. जेवणानंतर बाबा हल्ली भांडी पुसतात. आपल्या जन्मात त्यांनी कधी कपबशी पुसलेली तू पाहिलीस का? मला वाटायचं, वयाने माया आली. ते आईच्या उजव्या हाताला, डावा कान तिच्याकडे करून उभे राहतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "एडी, तो तिसरा नंबर कसा होता गं?" आणि आई गुणगुणते.

आपली आई! जिला पाद्रीबाबांनी चर्चच्या कॉयरमध्ये नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं! ती प्रत्येक गाणं नीट सुरू करते, आणि दुसऱ्या ओळीपासून ते आपल्याला झोपवताना ती जे गुणगुणायची त्याच्यावर जाऊन पडतं. तीच ती ओळखीची चुलत भावंडं. बाबा मान डोलावतात, टॉवेल टाकतात, पियानोवर जाऊन ते बसवतात. सगळं खोरं हिवाळाभर आईच्या अंगाईवर नाचतंय. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसले, आणि मग रडले.

आता सरळ लिहिते. पहिल्या पत्रात बाबा ठीक असं लिहिलं होतं, ते ठीक नाहीत. बाबांना ऐकू येत नाही. इतकी वर्षं फॅक्टरीतल्या त्या यंत्रांशेजारी उभं राहून आणखी काय होणार? बोलताना ते ओठांवरून ओळखतात, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. आईला माहीत आहे. तामालाही असणार, कारण तो हल्ली ताल देताना पायाने फळ्या अशा हाणतो की हॉल हादरतो. मी त्याला त्यावरून बोलले होते, तर म्हणाला, "तुझ्या बाबांना जमिनीतून येऊ दे." तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

आणि आता काळजीची गोष्ट. नवा हॉल बांधून झालाय. १९ सप्टेंबरला त्याचा उद्घाटनाचा नाच. शहरातून पाहुणे येणार, आमदार येणार, बाहेरची तरणी मुलं गाड्या भरभरून येणार. त्यांना ही गाणी तोंडपाठ आहेत. बाबा फेरीबोटीचं वाजवायला लागतील आणि ते हसतील. वाइतेरेतलं कोणी हसणार नाही, पण ते हसतील, आणि ते हसतायत हे ओळखायला बाबांना कान लागत नाहीत. मला ते बघवणार नाही.

मी चाल धरून बघितली. जमत नाही. माझ्या डोक्यात आईचीच बसली आहे. ते फक्त तुला जमतं. तू निघालीस त्या सकाळी ते जे बोलले, की गाणं मध्येच टाकून जाणाऱ्याला परत ताल सापडत नाही, ते मी विसरले नाही. तू तर नाहीच विसरली असणार. तेव्हा ये असं मी म्हणत नाही. फक्त चाल लिहून पाठव. ती त्यांच्या हातात कशी द्यायची ती डोकेदुखी माझी.

आणि जमलं तर त्या धक्क्यावरच्या पोरीचंही कळव. मला आता खरंच जाणून घ्यायचं आहे.

तुझी,
व्हाल्मा


वाइतेरे,
रविवार, ३० ऑगस्ट १९५९

प्रिय नोलीन,

पाकीट मिळालं. आत ना प्रिय, ना कोणाची सही. वर नुसतं 'डनस्टल बँड, वाइतेरे'. टपाल लावतानाच मी अक्षर ओळखलं. आधी वाटलं, लपवावं आणि चाल हळूच पियानोवर ठेवून द्यावी. पण बँडचं पाकीट बँडच्या मालकाकडेच जायला हवं. जेवण झाल्यावर बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि खुर्चीच्या काठावर बसून राहिले.

दोन कागद निघाले. एक घडी घातलेला, तो त्यांनी बाजूला ठेवला. दुसऱ्यावर चाल, रविवारच्या शाळेत त्यांनीच आपल्याला शिकवली होती त्या डो-रे-मीच्या अक्षरांत. ते ओठ हलवत वाचत गेले. मग उठले, पियानोशी बसले आणि वाजवलं. नोलीन, काय सुंदर चाल आहे ती. मधे ती जी वर चढते आणि तिथेच थांबते, तिथे माझ्या अंगावर काटा आला.

आई पिठाचे हात घेऊन दारात आली. "हे काय वाजवतोयस?"

ते तिच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "फेरीबोटीचं."

"हे नाही ते," आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला.

बाबांनी कागद परत पहिल्यापासून वाचला. एका हाताने नवी चाल वाजवली, मग जुनी, मग परत नवी. ऐकू येत नसलं तरी बोटांना कळतंच की. मला वाटलं, आता झाकण आपटणार.

"एडी," त्यांनी विचारलं, "सगळीच?"

"सगळीच," आई म्हणाली. "माझ्याजवळ जी होती ती दिली तुला."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तरीच लोकांचे पाय आपोआप पडत होते." आईने पिठाचे हात तोंडावर घेतले आणि रडायला लागली, आणि बाबा पियानोवरून उठून तिच्या पाठीवर थोपटत उभे राहिले. त्यांना ते काही चांगलं जमत नाही. नंतर आईच्या नाकाला पीठ होतं आणि बाबांच्या कोटाला.

मी सटकणार तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. तू कळवलंस तिला, म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मी हो म्हटलं. काय लिहिलंस, बहिरा झालो म्हणून? मी पुन्हा हो म्हटलं आणि वादळाची वाट बघत राहिले. त्यांनी खाली बघून कागदाच्या कडा सारख्या केल्या आणि म्हणाले, "बरं झालं. मला ते तोंडाने सांगता आलं नसतं."

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच दुसऱ्या कागदाकडे हात नेला. सगळं खोरं खोळंबलंय, तामा तर रोज लॉरी थांबवून विचारतो. पण बाबांनी तो कागद न उघडता वेस्टकोटच्या खिशात घातला. मी म्हटलं, निदान बोट येते की नाही एवढं तरी बघू द्या. तर म्हणाले, हे कडवं तिचं आहे, आणि कडवं वाचायचं नसतं, गायचं असतं. झालं. मंगळवारी पहिलं कडवं संपल्यावर त्यांनी पूर्वीसारखाच हात पुढे करून रेडिओ बंद केला. ती मुलगी अजून धक्क्यावरच आहे.

आता त्यांचा निरोप. त्यांनी सांगितला तसाच लिहिते, माझी भर नाही.

मी लिहायला बसणार हे बघून ते काल माझ्यापाशी आले. म्हणाले, "तिला लिही, डावा कान अजून थोडा चालतो. तिने डावीकडे उभं राहायचं." मी होकार भरला. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "आणि तू पहिलं कडवं एकदाच म्हणायचं."

"मग?"

"मग थांबायचं."

मी म्हटलं, "बाबा, आमदार असतील. लोक नाचता नाचता उभे राहतील."

"राहू देत. दोन वर्षं आपण उभेच आहोत की."

ती नाही आली तर, असं मी विचारलं. तोवर ते वळले होते आणि मी त्यांच्या उजव्या बाजूला होते. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ते आताशा सांगता येत नाही.

तुझा राग मी पुसायला निघाले नाही. त्या सकाळी ते बोलले ते चुकलं, आणि चुकलं असं ते कधी म्हणतील असं मला वाटत नाही. त्यांना जेवढं म्हणता येतं तेवढं वर लिहिलं आहे. त्यात काय आहे ते तू माझ्याहून जास्त ओळखशील. माझं म्हणशील तर मला तुझी फार आठवण येते. इतके दिवस ते मी धक्क्यावरच्या पोरीच्या नावावर खपवत होते.

१९ तारखेच्या शनिवारी दुपारची मोटार गिलहूली बाईंच्या दुकानाशी थांबते. तामा लॉरी घेऊन उभा राहणार आहे, तू कळव न कळव. आई स्पंज करणार आहे आणि तुझ्या खोलीतली उशी तिने आजच उन्हात टाकली. शाळेची पोरं गोणपाटांवर बसून घसरत नव्या हॉलची जमीन गुळगुळीत करतायत. पॅस्को मास्तरांनी विचारलं, त्या दिवशी तरी खरी चाल वाजणार का? मी म्हटलं, येऊन बघा.

तर असं आहे. मी पहिलं कडवं म्हणेन, एकदाच, आणि माइकपासून बाजूला होऊन डावीकडे जागा सोडेन. बाबा वाजवत राहतील. पुढचं मला येत नाही.

पहिल्या कडव्यापुरतीच तुझी,
व्हाल्मा